"सिली मिस्टेक झाली यार" म्हणणं बंद करा: कॅट आणि एमबीए सीईटीच्या तयारीत नजरचुका कशा कमी करायच्या

मॉक, म्हणजे सराव पेपर, संपला, स्कोअर आला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "सहा प्रश्न सिलीमध्ये गेले रे, नाहीतर मस्त झाला होता". पुढच्या रविवारी परत सहा. त्याच्या पुढच्या रविवारी पाच, आणि मग माणूस खूश होतो की सुधारणा होतेय. मी स्वतः हे दोन वर्षं केलंय, आता ज्युनियर पोरांचे पेपर बघतो तर तेच दिसतं. "पुढच्या वेळी नीट लक्ष देईन" हा काही उपाय होत नाही, कारण लक्ष तर या वेळीही दिलंच होतं की.

आधी हिशोब बघा म्हणजे हा विषय किती महाग आहे ते कळेल. कॅटमध्ये (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) बरोबर उत्तराला +3 आणि ऑप्शनवाल्या प्रश्नात चुकलं तर −1, म्हणजे येत असलेला प्रश्न नजरचुकीने घालवला की 4 मार्कांचा फरक पडतो, सहा घालवले की 24. 2024 आणि 2025 चा पेपर 68 प्रश्नांचा होता, म्हणजे एकूण 204 मार्क, त्यातले 24 असेच गेले. आपल्या सीईटीत (महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा) नेगेटिव्ह, म्हणजे चुकीला मार्क वजा, नाही पण तिथे 200 प्रश्न 150 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि या वेगात वेंधळेपणा दुप्पट होतो.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. बरेच जण पहिले दोन सोडून थेट शॉर्टकटवर येतात आणि मग काहीच बदलत नाही.

टप्पा 1: खरी नजरचूक कोणती ते आधी ठरवा

शेवटचे तीन मॉक काढा. चुकलेले सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवा, टायमर न लावता, आणि सोल्युशन अजिबात न बघता. हा क्रम महत्त्वाचा आहे, एकदा सोल्युशन बघितलं की मेंदू लगेच "हां हां हे तर येत होतं" म्हणतो आणि खोटं बोलतो. परत सोडवून झालं की तीन ढीग करा.

1. बरोबर आला, आणि आधी कुठे घसरलो ते स्वतःच सापडलं. ही खरी नजरचूक.
2. परत चुकला किंवा अडकला. हा येतच नाही. याला सिली म्हणू नका.
3. बरोबर आला पण पाच-सहा मिनिटं खाल्ली. हा प्रश्न निवडण्याचा घोळ आहे, त्याचं औषध वेगळं.

दुसऱ्या ढिगाची फसवणूक कशी होते ते सांगतो. प्रश्न असा: 20% नफ्याने विकलेल्या वस्तूची विक्री किंमत 600, तर खरेदी किती? एका मुलीने 480 लिहिलं, म्हणाली घाईत चुकलं. मी तिला तसाच 25% चा दुसरा प्रश्न दिला, तिथेही तिने विक्री किमतीतूनच टक्के वजा केले. नफ्याचे टक्के खरेदीवर धरायचे असतात, म्हणून उत्तर 500. ही घाई नव्हती, पायाच कच्चा होता, आणि "सिली" म्हणून ती चार महिने तो चॅप्टर उघडत नव्हती. तसंच जाताना ताशी 40, येताना तेवढंच अंतर ताशी 60, सरासरी वेग 50 लिहिणारे सगळे स्वतःला वेंधळे समजतात, पण उत्तर 48 का येतं ते विचारलं की गप्प बसतात.

तपासून बघा: पहिला ढीग तुमच्या अंदाजापेक्षा लहान निघाला पाहिजे. माझ्या एका मॉकमध्ये नऊ "सिली" होत्या, त्यातल्या खऱ्या तीन निघाल्या. तुमच्या सगळ्याच्या सगळ्या पहिल्या ढिगात पडत असतील तर बहुतेक तुम्ही मधे सोल्युशन बघितलंय.

सावध: तुक्क्याने बरोबर आलेले प्रश्नही याच वेळी काढा. दोन चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर आलेलं असतं बऱ्याचदा, ते पुढच्या वेळी नक्की बुडवतं.

टप्पा 2: चुकांची वही, पण नीट

वही सगळेच करतात. आणि सगळ्यांच्या वहीत "कॅल्क्युलेशन मिस्टेक", "नीट वाचलं नाही" एवढंच असतं. त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक नोंदीत या चार गोष्टी हव्यातच:

1. कुठल्या ओळीत घसरलो, ती ओळ जशीच्या तशी.
2. त्या क्षणी काय चाललं होतं (वेळ किती उरला होता, आधीचा प्रश्न सोडावा लागला होता का).
3. चुकीची जागा: वाचताना, उतरवताना, आकडेमोडीत, शेवटच्या पायरीवर, की क्लिक करताना.
4. पुढच्या वेळी हात काय करणार.

चौथ्या रकान्यातच सगळी गंमत आहे. "लक्ष देणार" असं लिहिलं की खोडा. तिथे अशी कृती हवी की शेजारी बसलेल्या माणसाला दिसली पाहिजे, म्हणजे "सोडवायच्या आधी रफ पानावर काय विचारलंय ते लिहिणार", "किमी ताशी दिसलं की तिथेच मीटर सेकंदात करून घेणार". माझ्या वहीतली एक नोंद देतो: "ओळ: 7क्ष = 91, क्ष = 13, ऑप्शनमध्ये 13 दिसला, टिक केलं. विचारलं होतं क्ष + 4. आधीचा प्रश्न तीन मिनिटं अडला होता म्हणून घाई. जागा: शेवटची पायरी. हात: उत्तराभोवती गोल करण्याआधी वरचं 'हवंय' वाचणार."

25-30 नोंदी झाल्या की मोजायला बसा. चुका हजार प्रकारच्या वाटतात पण मोजल्यावर तीन-चारच प्रकार परत परत येतात, आणि ते माणसागणिक वेगळे असतात. माझ्या अर्ध्याहून जास्त "शेवटची पायरी" होत्या. माझ्या रूममेटच्या जवळजवळ सगळ्या "उतरवताना". म्हणून दुसऱ्याची वही वाचून काही होत नाही, हा लेख वाचूनही होणार नाही म्हणा, मोजणी स्वतःची लागते.

टप्पा 3: रफ कागद

चुका इथे जन्माला येतात आणि इथेच पकडता येतात. तरी रफ कामाला कोणी शिस्त लावत नाही, कोपऱ्यात, तिरकं, आधीच्या गणितावर, जागा मिळेल तिथे लिहायचं. सेंटरवर रफ कामासाठी कागद तेच देतात आणि तो मोजका असतो, म्हणून घरीही साध्या कागदावर, मोजकी पानं घेऊनच सराव करा.

1. पानाचे उभे दोन भाग करा, डावीकडून खाली उतरायचं, मग उजवीकडे.
2. प्रत्येक गणिताला प्रश्न क्रमांक आणि खाली एक आडवी रेघ.
3. पहिली ओळ कायम "हवंय:" आणि पुढे दोन-तीन शब्द.
4. खोडायचं असेल तर एक काट मारा, आकड्यावर आकडा गिरवू नका. 3 चा 8 गिरवला की पुढे तो तुम्हाला कसाही दिसतो.

आता आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास. घाईत मधेच मराठी आकडा उतरतो की नाही? माझा १ उतरायचा आणि दोन ओळी खाली तोच मी 9 वाचायचो. ४ घाईत लिहिला तर 8 दिसतो, ५ लिहिला तर 4. कुठलेही एकच आकडे ठरवा आणि किराणा यादीपासून सगळीकडे तेच लिहा, परीक्षेपुरतं बदलू म्हटलं तर हात ऐकत नाही.

दुसरा घोळ बोलण्यातला. आपण मनात आकडेमोड मराठीत करतो आणि मराठीत एकक आधी येतो. "सेहेचाळीस" मनात म्हणताना हात आधी 6 लिहायला धावतो आणि 64 पडतो. आणि "एकोण"वाल्यांनी तर किती मार्क खाल्लेत, एकोणसाठ म्हणायचं आणि 59 ऐवजी 69 लिहायचं कारण कानात "साठ" वाजतंय. यावर उपाय पाढे इंग्रजीत पाठ करणं हा नाही, उलट त्याने वेग मरतो. पाढे मराठीतच राहू द्या, फक्त आकडा लिहिल्यावर तो एकदा सुटा वाचा, "पाच नऊ". अर्धा सेकंद लागतो.

तपासून बघा: कालचं रफ पान आज उघडा. कुठलं गणित कुठल्या प्रश्नाचं आणि कुठल्या ओळीत चुकलं हे एका मिनिटात सापडलं नाही तर टप्पा 3 अजून झालेला नाही, पुढे जाऊ नका.

टप्पा 4: प्रश्न वाचण्याचा क्रम

शेवटचं वाक्य आधी वाचा, काय विचारलंय ते "हवंय:" पुढे लिहा, मग वरून वाचत या. उदाहरण घ्या. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, 12 वर्षांनी ते दुप्पट होईल, तर 4 वर्षांपूर्वी आईचं वय किती होतं? मुलगी 12, आई 36 येतं आणि आनंदाच्या भरात 36 ला टिक होतं. उत्तर 32. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं म्हणून ऑप्शनमध्ये 36 असतोच, 12 आणि 8 सुद्धा असतात. तुमचं उत्तर ऑप्शनमध्ये दिसलं म्हणजे ते बरोबर आहे असं काही नाही हो, ऑप्शन तुमच्यासारख्यांच्या चुकांवरूनच बनवलेले असतात.

वाचताना काही शब्दांवर पेन थांबलाच पाहिजे: पूर्णांक, धन पूर्णांक, वेगवेगळ्या संख्या, किमान, कमाल, फक्त, "नाही", "सोडून". पेपर इंग्रजीत असतो तेव्हा तर हे शब्द आणखी निसटतात. क्ष चा वर्ग 10 पेक्षा मोठा नाही, अशा किती पूर्णांक किमती? भराभर 1, 2, 3 मोजून 3 लिहिणारे खूप, खरं उत्तर −3 ते 3, शून्य धरून 7. आणि "धन पूर्णांक" म्हटलं असतं तर 3 च बरोबर. एका शब्दाचा खेळ.

सीईटीत नातेसंबंधाच्या प्रश्नांत आपली एक खास मराठी चूक होते. प्रश्नात "अंकल" येतो, आपल्या डोक्यात लगेच "काका" उमटतो आणि आपण तो वडिलांच्या बाजूला काढून मोकळे होतो. तो मामा असू शकतो, मावशीचा किंवा आत्याचा नवराही असू शकतो. "सिस्टर इन लॉ" म्हणजे वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी, काहीही. आपल्या भाषेत प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे म्हणून भाषांतर करताना आपण नकळत माहिती वाढवतो. आकृतीत नक्की नसलेली रेघ तुटक काढा. आणि "अ हा ब चा एकुलता एक भाऊ" यात ब मुलगा की मुलगी हे कुठेच सांगितलेलं नाही, ते गृहीत धरलं की गेला प्रश्न.

टप्पा 5: आकडेमोडीतले चेक

सगळे चेक सगळीकडे लावत बसू नका, वहीत जी जागा जास्त वेळा आली तिथलेच उचला.

1. आधी अंदाज. ऑप्शन लांब लांब असतील तर अंदाजावरच दोन-तीन उडतात आणि हातचा विसरलात तरी लगेच खटकतं.

2. नऊची पडताळणी. 37 × 48 = 1776 आलं. 3+7 = 10 म्हणजे 1, 4+8 = 12 म्हणजे 3, गुणाकार 3. इकडे 1+7+7+6 = 21 म्हणजे 3. जुळलं. पण आकड्यांची अदलाबदल हिला दिसत नाही, 1767 लिहिलं तरी बेरीज 21 च येते. म्हणून सोबत शेवटचा अंक बघा: 7 × 8 = 56, शेवटी 6 हवा, 1767 पकडला गेला.

3. एकक वाचतानाच बदला. 150 मीटर लांबीची गाडी ताशी 54 किमी वेगाने 210 मीटरचा प्लॅटफॉर्म ओलांडते, किती सेकंद? ताशी 54 म्हणजे सेकंदाला 15 मीटर हे तिथल्या तिथे लिहा. अंतर 150 + 210 = 360, उत्तर 24 सेकंद. गाडीची लांबी विसरलात तर 14 येतं, प्लॅटफॉर्म विसरलात तर 10, आणि दोन्ही ऑप्शनमध्ये बसलेले असतात.

4. मोजताना दोन्ही टोकं. 17 पासून 58 पर्यंत दोन्ही धरून किती संख्या? 41 नाही, 42. शंका आली की 3 ते 5 वर करून बघा, तिथे लगेच दिसतं.

5. क्ष ने भागायच्या आधी थांबा. क्ष² = 5क्ष यात दोन्हीकडे क्ष उडवला की शून्यवालं उत्तर गायब होतं. "किती किमती" विचारलं असेल तर संपलंच.

6. वजाबाकीचा कंस. −(क्ष − 7) मधला 7 चा चिन्हबदल. यावर हुशारी नाही, कंस सोडवण्याची एक जास्तीची ओळ लिहायची आणि तेवढंच.

कॅटमध्ये स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर मिळतो, आणि त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवून नवी चूक होते. सराव करता त्या मॉकच्या कॅल्क्युलेटरवर 2 + 3 × 4 टाका. 14 आलं तर तो आधी गुणाकार करतो, 20 आलं तर दाबाल त्या क्रमाने करतो. ऑफिशियल मॉक आला की त्याच्यावरही हेच करून बघा. एकदा कळलं की लांब राशी तुकड्या-तुकड्याने टाकायची सवय लावा. माऊसने आकडे दाबायला वेळ लागतो, त्यामुळे दोन अंकी गुणाकारासाठी तो उघडणं म्हणजे समोरच्या दुकानात जायला रिक्षा करण्यासारखं आहे. सीईटीची तयारी करणाऱ्यांनी तर त्याला हातच लावू नये, तिथे तो मिळत नाही.

टप्पा 6: डीआयएलआर (कॅटमधले डेटा आणि लॉजिकचे सेट) आणि सीईटीचं रीझनिंग

इथली नजरचूक सगळ्यात महाग. क्वान्टमध्ये, म्हणजे गणितात, एक चूक एक प्रश्न घालवते, इथे एक अट चुकीची उतरवली की त्या सेटचे चार-पाच प्रश्न एकदम जातात आणि वर गंमत म्हणजे तुम्हाला वाटत असतं की सेट भारी सुटला. म्हणून हा क्रम मोडायचा नाही:

1. आधी सगळ्या अटी वाचा, काहीही न मांडता. हीच पायरी सगळे गाळतात, पहिली अट वाचली की टेबल काढायला सुरुवात, आणि सातव्या अटीत कळतं की टेबल उलटं हवं होतं.
2. अटींना क्रमांक द्या, वापरली की क्रमांकावर टिक.
3. मांडणी.
4. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तयार मांडणी घेऊन सगळ्या अटी परत वरून खाली वाचा. 20-30 सेकंद जातात. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.
5. प्रश्नात "समजा" म्हणून नवीन अट असेल तर ती फक्त त्या प्रश्नापुरती, वेगळ्या जागी काढा, मूळ मांडणीत घुसवू नका.

उतरवतानाचे नेहमीचे खड्डे: "डावीकडे" आणि "लगेच डावीकडे" एक नाही. "डावीकडून तिसरा" आणि "त्याच्या डावीकडे तिसरा" एक नाही. "मधे तिघं" म्हणजे चौथा, तिसरा नाही. गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड असेल तर कुणाच्याही डावीकडे जाणं म्हणजे घड्याळाच्या दिशेने जाणं, बाहेर तोंड असेल तर बरोबर उलटं, आणि काही आत काही बाहेर असतील तर प्रत्येकाला बाण काढल्याशिवाय सुरुवातच करू नका. घरी शंका आली तर खुर्चीत बसून डावा हात पसरून बघा, मी बघायचो, आई म्हणायची याचं काय चाललंय.

सावध: सेट सुटला की अंगात येतं आणि त्या सेटचा शेवटचा प्रश्न घाईत जातो. वहीत हा प्रकार मोजा, माझ्याकडे ज्यांचे पेपर येतात त्यांच्यात तो हमखास सापडतो.

सीईटीच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधल्या 25 आकृत्यांसाठी एकच सांगणं, एका वेळी एकाच गोष्टीचा पाठलाग करा, आधी बाण कुठे फिरतो, मग ठिपके, मग छटा. सगळं एकदम बघायला गेलं की दिशा उलटी होते.

टप्पा 7: वार्क (कॅटमधलं इंग्रजी वाचन आणि भाषा)

इथे थोडक्यात आटपतो कारण वाचन सुधारणं हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. नजरचुकीपुरतं:

प्रश्नात "सोडून", "नाही", "सर्वात कमी" अशा अर्थाचा शब्द आला की रफवर मोठी फुली काढा आणि प्रत्येक ऑप्शनपुढे "आहे / नाही" लिहा. चार ऑप्शन वाचेपर्यंत मूळ प्रश्न उलटा होता हे डोक्यातून जातं, इतकं साधं कारण आहे.

उताऱ्यात लेखक दुसऱ्याचं मत मांडतो आणि मग ते खोडतो, आपण ते मत लेखकाचंच धरतो. वाचतानाच कोण बोलतंय ते एका अक्षरात टिपा. आणि जगात खरं असलेलं पण उताऱ्यात नसलेलं उत्तर निवडायचा मोह, हा वर्तमानपत्र वाचणाऱ्या हुशार मुलांना जास्त होतो.

पॅराजंबलमध्ये (विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावायचा प्रश्न) क्रम मनात 2413 ठरतो आणि टाइप होताना 2431 होतो. रफवर लिहा, टाइप करा, परत कागदाशी जुळवा. टीटाला (ऑप्शन नसलेला, उत्तर टाइप करायचा प्रश्न) नेगेटिव्ह नाही, पण 3 मार्क हातातले जातात.

टप्पा 8: स्क्रीन आणि क्लिक

घरी पीडीएफवर किंवा मोबाईलवर सराव करणाऱ्यांच्या चुका इथे होतात. कॅटचा ऑफिशियल मॉक परीक्षेआधी वेबसाइटवर येतो, तो मार्कांसाठी सोडवू नका, बटणांसाठी सोडवा.

1. ऑप्शन निवडून "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबल्याशिवाय उत्तर नोंदत नाही. उजवीकडच्या नंबरवर क्लिक करून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली तर निवडलेलं उत्तर गेलं. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि अजून आठवली की पोटात गोळा येतो.
2. उत्तर देऊन "मार्क फॉर रिव्ह्यू" केलेला प्रश्न तपासायला धरला जातो. म्हणजे "नंतर बघू" म्हणून तुक्का मारून ठेवलात आणि परत आलाच नाहीत तर −1 लागू शकतो. नुसतंच मार्क करायचं असेल तर उत्तर कोरं ठेवा.
3. टीटाचं उत्तर स्क्रीनवरच्या कीपॅडने माऊसने टाकायचं असतं. त्याची सवय आधी करा.
4. कॅटमध्ये वार्क, डीआयएलआर, क्वान्ट हा क्रम ठरलेला, प्रत्येकी 40 मिनिटं, मागे जाता येत नाही. प्रत्येक सेक्शनच्या शेवटच्या मिनिटात नवीन प्रश्न घेऊ नका, नंबरांचे रंग बघा.

तपासून बघा: मॉकनंतर रफवरची उत्तरं आणि स्क्रीनवर नोंदलेली उत्तरं जुळवा. एकही फरक निघाला तर पुढचे दोन मॉक प्रत्येक उत्तरानंतर नजर एकदा कागदावर, एकदा स्क्रीनवर.

टप्पा 9: हे सगळं अंगात कसं मुरवायचं

पहिला आठवडा टायमर नाही. रोज 20 सोपे-मध्यम प्रश्न आणि लक्ष्य 20 पैकी 20. ऐकायला बालिश वाटतं, करून बघा, पहिल्या दिवशी 20 येणारे मी फार थोडे बघितलेत. दुसऱ्या आठवड्यापासून सेक्शनल, म्हणजे एकाच सेक्शनचा पेपर, वेळ लावून, पण वहीतला एकच उपाय पकडून, दुसरा नाही. तो न आठवता होऊ लागला की पुढचा. एकदम पाच सवयी लावायला गेलं की चौथ्या प्रश्नाला सगळ्या सुटतात.

मग पूर्ण मॉक. आठवड्याला एक किंवा दोन, आणि मॉकला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट विश्लेषणाला. आठवड्याला चार-चार मॉक देणारे लोक चुकांचाच सराव करत असतात.

मॉकच्या विश्लेषणात एक गोष्ट कोणी बघत नाही, चूक कितव्या मिनिटाला झाली. काहींच्या पहिल्या सात-आठ मिनिटांतच सगळ्या असतात, त्यांनी सुरुवात मुद्दाम सोप्या दोन प्रश्नांनी करावी. काहींच्या शेवटच्या दहा मिनिटांत, त्यांनी तीन अटेम्प्ट कमी करून बघावेत, स्कोअर बहुतेक वेळा वाढतो. आणि एखादा प्रश्न अडून सोडल्यावर लगेचच्या प्रश्नात चूक होणारे तर भरपूर, त्यांच्यासाठी माझा नियम असा की अडलेला प्रश्न सोडल्यावर पेन खाली ठेवायचा, एक श्वास, मग पुढचा.

टप्पा 10: शेवटचे दहा दिवस

नवीन काही नको. वही रोज वाचा, पण फक्त चौथा रकाना. अ‍ॅडमिट कार्डवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव आजच जुळवा, आदल्या रात्री नको. सीईटीनंतर कॅपला (प्रवेशाच्या फेऱ्यांना) लागणारे दाखले, नॉन क्रिमी लेयरची मुदत, जात पडताळणी, हेही तयारीच्याच काळात बघून घ्या, चांगले पर्सेंटाइल असून इथे अडकलेले लोक माहितीत आहेत.

एकाच सीझनमध्ये अनेक परीक्षा देत असाल तर प्रत्येकीच्या आदल्या दिवशी कागदावर तिचे नियम लिहा. कॅटला −1, टीटाला काही नाही, स्नॅपला (सिम्बायोसिसची परीक्षा) चुकीला पाव मार्क वजा, सीईटीला नेगेटिव्ह नाही. कॅटची सवय घेऊन सीईटीला गेलेला मुलगा 15 प्रश्न कोरे ठेवून येतो, "खात्री नव्हती" म्हणून. सीईटीत शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी ऑप्शन मारा, एकही कोरा नको.

कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटी होते आणि सीईटी मार्च-एप्रिलच्या सुमारास, मधे काही महिने मिळतात. कॅटची रिस्पॉन्स शीट आणि आन्सर की आली की नुसता स्कोअर मोजून टॅब बंद करू नका. डाउनलोड करून ठेवा, चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवा, तीन ढीग करा आणि वहीत नवीन पानावर "खरी परीक्षा" असं लिहून नोंदी टाका. त्या पानावर जो प्रकार सगळ्यात जास्त वेळा येईल, सीईटीचा पहिला आठवडा त्याच्यापासून सुरू करा.